आणलेलं

वाटणीचा विषय धाकट्यानं काढला, आणि तो प्रेमानं काढला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. धाकटा शहरातल्या शाळेत भूगोल शिकवत असे. तिथल्या शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे भाऊ त्यांच्याशी फक्त कोर्टात बोलत. ते पाहून त्याचं मत झालं होतं की भावाभावांत माया आहे तोवरच जमीन वाटून घ्यावी. माया संपल्यावर ते काम वकील करतात आणि महाग करतात.

थोरला तेव्हा अंगणात जुवाची दोरी वळत बसला होता. तो म्हणाला, "हो."

"तुला नको असेल तर राहू दे हं, दादा."

"नको कशाला? हक्काचं आहे तुझ्या."

"हक्क म्हणून नाही म्हणत मी."

"मग कशाला म्हणतोस?"

याचं उत्तर धाकट्याला वर्गात देता आलं असतं. अंगणात सुचलं नाही. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि तो पिता पिता वाटणी ठरली.

गावात कायदा शिंप्याकडे असे. फार वर्षांपूर्वी त्यानं कुणाच्या तरी फाटलेल्या सदऱ्याबद्दल कोर्टात साक्ष दिली होती, तेव्हापासून गाव त्याला वकील म्हणे, आणि तोही हाकेला ओ देई. थोरला त्याच्याकडे गेला तेव्हा मशीन न थांबवता तो म्हणाला, "समाईकातल्या एकानं जरी मागितली तरी वाटणी द्यावी लागते. बाकीच्यांनी नाही म्हणून भागत नाही. आणि बहिणीचा वाटा भावाएवढाच. अर्धा इंचसुद्धा कमी नाही."

"कोण कमी म्हणतंय?"

"आत्ता नाही म्हणत. मोजणीच्या दिवशी म्हणतात." त्यानं दातांनी दोरा तोडला. "वाटे तुम्हीच पाडा. मोजणीदारानं कापलेलं कापड कुणाच्याच अंगाला बसत नाही."

वाटे पाडायची गावाची एक रीत होती. ज्याला जमीन ठाऊक, त्यानं वाटे पाडायचे. मात्र उचलायचं सगळ्यांत शेवटी. आधी धाकट्यानं उचलायचं, मग बहिणीनं, उरेल ते थोरल्याचं. पाडणारा त्यामुळे आपोआप प्रामाणिक राहतो, अशी जुन्या लोकांची समजूत. दुसरं असं, की उचल होईपर्यंत पाडणाऱ्यानं जमिनीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कुठला तुकडा बरा, कुठला वाईट, काही नाही. जुन्या लोकांनी तोंडाचा असा पक्का बंदोबस्त केला होता. हातांचा करायचा राहून गेला होता.

जमीन तीन जातींची होती. खाली ओढ्याकाठचं काळं रान, मध्ये विहिरीचं रान, आणि वर, जिथं धाकट्याच्या लहानपणी नुसता खडक होता, तिथं आणलेलं.

त्या शेताचं नावच आणलेलं. थोरल्याचं लग्न झालं त्या साली तळं आटलं आणि तळाचा गाळ उघडा पडला. थोरला म्हणाला, हा वर नेऊ. वडील म्हणाले, खडकावर शेत करतोस, पुढच्या वर्षी ढगावर गोठा बांध. थोरला, त्याची नवी बायको आणि तेव्हा लग्नाची असलेली बहीण, तिघांनी आधी खडकावरचे सुटे दगड वेचून उताराच्या कडेला बांध रचला. मग पाट्यांनी गाळ वर नेला. एका उन्हाळ्यात कसाबसा घोटा बुडेल एवढी माती झाली, आणि पहिल्याच पावसात तिच्यातली निम्मी ओढ्याला गेली. त्यांनी बांध उंच केला, पुन्हा तळ्याकडे गेले. पुढे बहिणीचं लग्न झालं, पाट्या दोघांवर आल्या. किती उन्हाळे गेले हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण थोरल्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला, आणि त्याच्या बायकोच्या टाळूवर, जिथं चुंबळ बसे, तिथले केस गेले ते परत आलेच नाहीत. ती घरातसुद्धा डोक्याला फडकं बांधून असे. शेवटी तिथं कांदा झाला, तेव्हा वडील पाहुण्यांना वर नेऊन दाखवू लागले. म्हणत, "आम्ही केलं."

धाकटा त्या काळात वसतिगृहात मृदेचे प्रकार पाठ करत होता. पुढं तो वर्षातून एकदा यायचा, ओसरीवर बसायचा, वर रानात कधी जायचा नाही, आणि जाताना कांद्याचं पोतं न्यायचा. तो कांदा कुठल्या रानातला, हे पोत्यावर लिहिलेलं नसे.

"आणलेलं त्यानं उचललं तर?" थोरल्यानं जेवताना विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही, पण घरात बायकोच होती.

"मग आधीच मागून घ्या."

"पाडणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"अजून पाडलंय कुठं? आत्ता बोला. भाऊजी काही नाही म्हणायचे नाहीत."

"थोरल्यानं हात पसरायचा? धाकट्यापुढं?"

"हात कोण पसरायला सांगतंय? तोंड उघडा म्हणते मी."

तो बराच वेळ घास चावत राहिला. मग म्हणाला, "कुणाला घ्यावंसंच वाटू नये, असं दिसलं पाहिजे ते."

ती भांडी गोळा करत होती. तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं ताटाकडे पाहिलं.

"म्हणजे काय करायचं?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं. पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दगड टाकू."

कांदे नुकतेच काढून झाले होते. शेत रिकामं, भुसभुशीत, पाय ठेवला तर घोटा आत जाई. पहाटे, रस्त्याला माणूस लागायच्या आत, दोघं वर गेली. बांधापलीकडे वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता, तो तिथंच पडून कैक वर्षं झाली होती. थोरला पहारीनं दगड सुटे करी, पाटीत भरी, तिच्या डोक्यावर चढवी. ती शेतात जाऊन ओती. पहिली पाटी ओतताना ती जरा थबकली. मग डोळे मिटून ओतली.

"ओळीनं नको," तो बांधावरून म्हणाला. "ओळीत दगड आपोआप येत नाहीत."

"मग आपोआप कसे येतात?"

"विखरून टाक. भांडणात भांडी टाकतात तशी."

"मी कधी टाकली भांडी?"

"तेच म्हणतोय. आता टाक."

ती हसली नाही. त्यानंही ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. उन्हं वर आली तशी पाठीला माती चिकटू लागली. मोठे दगड त्यानं स्वतः पोटाशी धरून नेले आणि मांडले, थोडे पुरून, वर्षानुवर्षं तिथंच असल्यासारखे. काम त्यानं नेहमीसारखंच मन लावून केलं. वाईट काम वाईट करायचं त्याला जमत नसे. शेळ्या घेऊन जाणारी म्हातारी बांधापाशी थांबली.

"काय रे, थोरल्या, चाललंय काय?"

"बांध दुरुस्त करतोय."

"बांध तर हा इकडं आहे."

"तिकडूनच आणतोय."

म्हातारी विचार करत राहिली, तेवढ्यात शेळ्या पुढं गेल्या आणि तिलाही जावं लागलं. असं पाच-सहा पहाटे चाललं. शेवटच्या दिवशी थोरल्यानं बाभळीच्या फांद्या आणून इकडंतिकडं फेकल्या आणि लांब उभं राहून पाहिलं. शेत अगदी वाईट दिसत होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी बहीण आली. पिशवी ठेवली, पाणी प्याली, आणि कुणाला न सांगता वर जाऊन आली. परत आली तेव्हा वहिनी चुलीपाशी होती.

"वहिनी, आणलेल्यात दगड कुठून आले?"

"वाढले."

"दगड वाढतात?"

"आपल्याकडं वाढतात, वन्सं."

बहीण तिच्याशेजारी खाली बसली. तिनं वहिनीचा हात ओढून घेतला आणि उलटा केला. तळव्याला ताजे फोड होते. काही फुटले होते.

"दादानं सांगितलं?"

वहिनी लाकूड पुढं सारत म्हणाली, "मीही नाही कुठं म्हटलं? तोंड काय फक्त त्यांनाच होतं?"

रात्री तिनं तेल कोमट करून वहिनीच्या हातांना लावलं. पलीकडच्या खोलीत थोरला झोपल्यासारखा पडला होता.

मोजणीदार सकाळी आला, साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या. वकील शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून हजर होता. तिन्ही वाटे सारखे यावेत म्हणून थोरल्यानं वरच्या खडकाळ तुकड्याला भोवतालचं सगळं माळरान जोडलं होतं. काळं रान थोडं पण कसदार, विहिरीचं मध्यम, वरचं भरपूर पण दगडधोंड्यांचं. हिशेब असा सरळ होता की मोजणीदारानं मान डोलावली. "थोरल्यांनी फार न्यायानं पाडलंय," तो म्हणाला. थोरला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

धाकट्यानं बूट घालून तिन्ही तुकडे पायी पाहिले. काळ्या रानात त्यानं माती मुठीत घेऊन हुंगली. विहिरीत वाकून पाहिलं. मग तो वर आला. दगडांमधून वाट काढत शेताच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. एक काटा त्याच्या पँटला अडकला, तो त्यानं हळूच सोडवला. बांधावर सगळे वाट पाहत होते. थोरल्याची बायको फडक्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती.

धाकटा परत आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"हे माझं," तो म्हणाला. "वरचं."

थोरल्याचं तोंड उघडलं. शिंप्यानं ताबडतोब बोट वर केलं. "पाडणाऱ्यानं बोलायचं नाही. अजून ताईंची उचल राहिलीय."

"बोलू दे त्याला नंतर," धाकटा म्हणाला, आणि वर्गात बोलतात तशा आवाजात सगळ्यांना सांगू लागला, "मी पगारी माणूस. माझं घर या मातीवर चालत नाही. दादानं आयुष्य घातलं इथं. आम्ही शिकलो ते त्याच्या कष्टांवर शिकलो. आता चांगली जमीनही मीच उचलू? मला दगड चालतील. माझ्या भावाला काळी माती मिळाली पाहिजे."

मोजणीदारानं चष्मा काढून पुसला. शिंप्यानं नाक ओढलं. असा भाऊ कुणाला मिळतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि खरंच मिळत नाही. बहिणीनं थोरल्याकडे एकदा पाहिलं, मग दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "विहिरीचं." राहिलं ते काळं रान थोरल्याचं झालं. आता बोलायला मोकळीक होती. तो काहीच बोलला नाही.

काळं रान खरोखरच चांगलं होतं, हीच मोठी अडचण. गावात जो तो त्याच्या पाठीवर थाप मारी. न्हाव्यानं दाढी करता करता म्हटलं, "नशीब काढलंस लेका," आणि थोरल्याला मान हलवता आली नाही, कारण वस्तरा गळ्यापाशी होता.

धाकटा परत जायला निघाला तेव्हा थोरला त्याचं पोतं घेऊन थांब्यापर्यंत गेला. पोतं खाली ठेवून तो म्हणाला, "अदलाबदल करू आपण."

"कसली?"

"खालचं तू घे. वरचं मला राहू दे."

"दादा, नको."

"अरे, मला सवय आहे दगडांची."

"तेच तर! सवय आहे म्हणून जन्मभर दगडच का?" धाकट्यानं त्याचा हात धरला. "तू असंच बोलशील हे मला माहीतच होतं. मी घरीसुद्धा सांगून आलो होतो, दादा शेवटी आपला वाटा पुढं करणार. पण या वेळी मी ऐकायचा नाही."

"मला हवंय ते," थोरला म्हणाला. एवढं वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

"नाही, तुला नकोय. माझ्यासाठी म्हणतोयस." धाकट्याचे डोळे पुन्हा भरले. गाडी आली. पोतं टपावर चढवताना थोरल्याचा खांदा कळवळला.

घरी बहीण जायच्या तयारीत होती. थोरला तिच्या पिशवीशेजारी बसला.

"तू सांग त्याला."

"काय सांगू? आणलेलं चांगलं आहे म्हणून?"

"हो."

"मग तो विचारेल, दगड कसे काय? त्याला काय सांगू, दादा? की तू ते उचलू नयेस म्हणून टाकले?"

"त्यानं उचलू नये म्हणून."

"तेच म्हणतेय मी." तिनं पिशवीची गाठ मारली. "त्याला वाटतंय आपला भाऊ देव आहे. तेवढंच आहे त्याच्याजवळ इथलं. तुला काढून घ्यायचं असेल तर तू घे. मी नाही."

"तू विहिरीचं का उचललंस? खालचं उचललं असतंस तर—"

"तर काय झालं असतं? वरचं तर गेलंच होतं." ती उठली. "एक पाटी माझीही होती त्यात. तुम्ही दगड टाकलेत तेव्हा मला कुणी विचारलं नाही."

पुढच्या सुटीत धाकटा झाडं घेऊन आला. आंब्याची, पेरूची रोपं, काळ्या पिशव्यांत, मुळाशी ओलं गोणपाट. खडकातसुद्धा झाड जगतं असं त्यानं वाचलं होतं. त्यानं थोरल्याकडून पहार मागितली. थोरला म्हणाला, मी येतो. दोघं वर गेले. धाकट्यानं बाह्या दुमडल्या, एका जागी दोन दगड बाजूला केले आणि खडक फोडायच्या बेतानं पहार जोरात हाणली.

पहार सरळ आत गेली, आणि तोल जाऊन धाकटा गुडघ्यांवर आला. त्यानं ती उपसून दुसरीकडे मारली. तिथंही तेच. तो हसला. "दादा, अरे! माती आहे खाली!" त्यानं हातानंच उकरायला सुरुवात केली, काळा, मऊ गाळ नखांत भरला. मुलासारखा तो इकडंतिकडं दगड उचलून पाहू लागला. थोरला रोप हातात धरून उभा होता.

एका मोठ्या दगडाखाली चेपून पिवळं पडलेलं गवत होतं. त्याच्याशेजारी काढताना राहिलेला एक कांदा. दगडाखाली त्याला पांढरा कोंब फुटला होता, आणि तो आडवा वाढत दगडाच्या कडेपर्यंत आला होता.

धाकटा त्याकडे पाहत राहिला. भूगोलाचा असला तरी शेतकऱ्याचा मुलगा होता. कांदा किती दिवसांत कोंब काढतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बांधाकडे पाहिलं, बांधापलीकडच्या उकरलेल्या ढिगाकडे पाहिलं, मग थोरल्याच्या पायांकडे. त्याहून वर त्यानं पाहिलं नाही.

त्यानं तो दगड होता तसा परत ठेवला. सावकाश, बोट न चेंगरू देता.

"झाडं आज नको लावू या," तो म्हणाला.

"सुकतील."

"सुकू देत." हात झटकून तो उभा राहिला. मग म्हणाला, "दगड काढायला माणसं लागतील. तुम्हां दोघांइतकं कुणाला ठाऊक असणार, कुठले उचलायचे आणि कुठं न्यायचे. रोजाचे पैसे देईन."

"रोज कशाला रे? घरचंच आहे."

"घरचं होतं. आता वाटणी झालीय ना, दादा."

थोरल्यानं रोप खाली ठेवलं. त्याला बोलायचं होतं, आणि आता कुठलीच रीत आड येत नव्हती. "उद्यापासून लागतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको वर गेली. तोच ढीग, तीच पहार. आता मात्र पहाटे जायचं कारण नव्हतं; उन्हं चांगली वर आल्यावर, सगळ्यांच्या देखत काम चाललं. शेळ्यांची म्हातारी थांबली. यावेळी तिनं काही विचारलं नाही, ते थोरल्याला जास्त लागलं. दगड तापून हाताला चटके बसत होते. थोरला भरायचा, ती वाहायची. दुपारी त्याचा खांदा इतका धरला की पाटी छातीच्या वर उचलेना. दोनदा प्रयत्न करून तो खाली बसला. पाणी प्यायचं निमित्त केलं.

धाकटा सकाळपासून बांधावर झाडाखाली बसला होता. देखरेख करत होता, की नुसता बसला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. भरलेली पाटी शेताच्या मध्यावर तशीच होती आणि वहिनी तिच्यापाशी उभी.

"भाऊजी," तिनं हाक मारली, "जरा हात लावा."

तो उठला. बूट काढावेत की नाही असं त्याचं क्षणभर झालं. मग तसाच आला. दोघांनी दोन बाजूंनी पाटी धरली. ती उचलताना त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. पाटी चढवता चढवता तिच्या डोक्यावरचं फडकं मागं सरलं, आणि टाळूवरची ती गुळगुळीत जागा त्याला दिसली. इतक्या वर्षांत त्यानं ती पाहिली नव्हती. त्याचे हात पाटीखालीच राहिले.

"फार जड आहे, वहिनी," तो म्हणाला.

"आणताना याहून जड होती," ती म्हणाली.

मान ताठ धरूनच बोलावं लागत होतं, त्यामुळे तिला त्याच्याकडे पाहता येत नव्हतं. दूर थोरला तांब्या हातात घेऊन बसला होता. त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. धाकट्यानं अजून पाटी सोडली नव्हती. त्याला काही विचारायचं असावं.

"सोडा आता," ती म्हणाली. "मान दुखते."

त्यानं सोडली.